उजव्या बाहीचा फुगा

चंद्रकलावहिनींनी ब्लाऊज उलटा केला, उजव्या बाहीची शिवण नखानं चाचपली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आरती, ही जोड हाय का गं?"

ओसरीवर रुखवताच्या डब्यांना कागद चिकटवत बसलेल्या बायकांच्या माना एकदम वळल्या. आरती मात्र निवांत हसली. हा प्रश्न तिला नवा नव्हता, आणि खरं सांगायचं तर आवडायचासुद्धा.

"जोड न्हाई वहिनी, पद्धत हाय. जुनी. फोटो बघा ना."

तिनं पिशवीतून फोटो काढून पुढे धरला. वहिनींच्या लेकीच्या, समृद्धीच्या, आजोबांच्या बहिणीनं, लंकाबाईंनी, लग्नाआधी जुन्नरच्या स्टुडिओत जाऊन काढून घेतलेला. साठ वर्षं तरी झाली असतील त्याला. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, खणाचा गळाबंद पोलका, दंडावर टरटरून फुगलेल्या बाह्या. त्यातल्या उजव्या बाहीवर, फुग्याच्या बरोबर मधोमध, बोटभर रुंदीची आडवी पट्टी. पट्टीवरची वीण उलटी. परवाच्या स्वतःच्या लग्नात आपल्याला अगदी असाच पोलका हवा, असं समृद्धीनं बजावून सांगितलं होतं आणि आरतीनं तो शिवून आज आणे गावी समृद्धीच्या घरी आणून दिला होता. अगदी तसाच. उलट्या विणीसकट.

आळेफाट्यावर आरतीचं दुकान सुरू होऊन आठ वर्षं झाली. जुन्या धाटणीचं शिवायचं आणि आधी स्वतःच्या अंगावर मिरवायचं, हा तिचा खाक्या. आजही तिच्या गळ्याशी झालर होती, पाठीवर कापडानं मढवलेली बटणं होती आणि बाह्यांना फुगे होते. पहिल्या वर्षी बायका तोंडावर पदर धरून विचारायच्या, "काय गं, नाटकात काम मिळालं काय?" आरती बधली नाही. आता मंचर, ओतूर, पार पुण्याहून मुली घरातले अल्बम घेऊन तिच्याकडे येत. तिचा नियम एकच. फोटोत दिसेल ते तसंच्या तसं, मध्ये आपली अक्कल घालायची नाही. ही पट्टी तर इतकी खुलली होती, की तिनं दोन महिन्यांपूर्वी नमुन्याची बाही शिवून मोबाईलवर टाकलेलं चित्र पाहून आणखी तीन नवऱ्या मुलींनी तशीच बाही शिवून नेली होती.

"पद्धत असंल तर दोन्ही बाह्यांना का न्हाई?" चंद्रकलावहिनी काही हट्ट सोडेनात.

आरतीनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. घोडेगावहून लंकाबाईच आल्या होत्या. नातवानं हात धरून त्यांना ओसरीवर आणून बसवलं. पाणी दिलं, पाया पडणं झालं आणि चंद्रकलावहिनींनी पोलका सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आत्या, तुमीच सांगा. ही पद्धत हाय का?"

लंकाबाईंनी चष्मा वर सरकवला. बाही उलटी-सुलटी केली. मग एवढ्या मोठ्यानं हसल्या, की त्यांना ठसकाच लागला.

"अगं बया! ही तर माझी जोड! कापड कमी पडलं व्हतं गं! ही हिथं कशी आली?"

बायकांमध्ये खसखस पिकली. आरतीच्या तोंडचं पाणी पळालं. तीन पोरी हीच जोड फॅशन म्हणून अंगावर मिरवून बोहल्यावर उभ्या राहिल्या होत्या. आठ वर्षांचं नाव एका पट्टीपायी जाणार, असं तिला वाटलं आणि लाजेनं तिचे कान तापले.

"बघ! नवरीच्या अंगावर ठिगळ," चंद्रकलावहिनी म्हणाल्या. "पावणं काय म्हनतील?"

"चुकलं माझं, वहिनी," आरती म्हणाली. खापर फोडावं असं दुसरं कुणी नव्हतंच. "मला ती पद्धत वाटली. उद्या दुपारपर्यंत दुसरी बाही लावून देते. कापड हाय माझ्याकडं."

तिनं पोलका घेतला, पिशवीतली बारीक कात्री काढली आणि पहिला टाका उचलला.

"थांब गं," लंकाबाई म्हणाल्या. हसू ओसरलं होतं. "उसवायच्या आधी ऐक तरी."

आरतीचा हात थांबला.

"समृद्धीच्या आज्यानं, माझ्या भावानं, एक खण आनला व्हता. एका खणात एक चोळी, तीबी घट्ट बाहीची. दुसरा खण कोन देतंय? पन शाळेवर मास्तरीणबाई आल्या व्हत्या, त्यांच्या फुग्याच्या बाह्या बघितल्यापासनं मला दुसरं काय सुचना. डावी बाही झाली झ्याक. उजवीला कापड सरलं. आई म्हनली, दोन्ही फुगे काढ अन् सादी बाही कर. म्या कातरणातला तुकडा उचलला. उलटा बसला, तर बसू दे म्हनलं."

"मग काखंत लावायची की," एक बाई म्हणाली. "दिसली नसती."

"तुकडा केवढा, बोटभर! काखंत फुगा असतोय व्हय? वर लावला म्हनून तर फुगा उभा ऱ्हायला." लंकाबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "फोटोवाला म्हनला, बाई, पदर घ्या उजव्या खांद्यावर, जोड दिसतीय. म्या म्हनलं, दिसू दे. पदर घेतला तर फुगा झाकंल."

दाराशी उभी असलेली समृद्धी पुढे आली, आरतीच्या हातातून पोलका काढून घेतला आणि आईकडे पाहिलं.

"आई, मला हाच हवा. उसवायचा नाही."

चंद्रकलावहिनी उठल्या. मग त्यांनी आतून सुईदोरा आणला आणि आरतीनं उचललेला तो एक टाका स्वतःच्या हातानं पक्का केला. आरतीच्या जिवात जीव आला. त्या तीन नवऱ्या मुलींना आता ही हकिगत कळवायची, लाजत नव्हे, ताठ मानेनं, हे तिनं तिथंच ठरवलं.

ती निघाली, तशी लंकाबाईंनी तिचा हात धरला आणि तिच्या बाहीचा फुगा दोन बोटांत धरून दाबून पाहिला. सोडल्याबरोबर तो पुन्हा वर आला.

"मला शिवशील असला?"

"शिवते की, आजी. अगदी फोटोतल्यासारखा."

आरतीनं टेप काढला. लंकाबाईंनी दोन्ही हात बाजूला धरले. दंड वाळक्या काटकीसारखे झाले होते, पण मान ताठ होती.

"पट्टी उजव्या बाहीलाच ठेवू ना?"

लंकाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला काही कळतच नाही.

"पट्टी कशाला? आता कापड हाय न्हवं?"

"हाय. पाहिजे तेवढं हाय."

"पाहिजे तेवढं," लंकाबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि हात आणखी थोडे वर उचलले. "मंग मोठा कर. लई मोठा."

आरतीनं वहीत फुग्याचं माप लिहिलं, मग ते खोडून दोन इंच वाढवले.