सुगंधाचा जिताडा

आमची खाडी आता भागीदारीत वाचते. एक कंपनी, एक पुण्याची संस्था, एक सरकारी खातं आणि आमची गावसमिती, असे चार भागीदार. मासे पाचवे, पण त्यांची सही कुणी घेतली नाही.

समितीचा सचिव माझा पुतण्या हरेश. कासूहून मोटारसायकलवर आला आणि माझ्या तळ्याच्या काठावर बसला.

"नाना, उद्घाटनाला तुमचा जिताडा द्या."

"कशाला?"

"खाडीत सोडायला. मोठी मादी लागते. तिच्या अंड्यांवर खाडी भरंल."

आमच्या पेणकडं दारातल्या तळ्यात जिताडा पाळायची रीत आहे. खाडीतलं बोटभर पिल्लू आणायचं, वाढवायचं, आणि जावई आला किंवा कचेरीत काम अडलं की काढायचं. आमचा मात्र इतकी वर्षं कुणाच्या कामी आला नाही, कारण माझ्या बायकोनं, सुगंधानं, येऊ दिला नाही. जावयाला तिनं कोंबडीवर भागवलं. संध्याकाळी पायरीवर बसून ती त्याला कोलंबीची डोकी टाकायची. शिमग्याच्या आधी ती गेली. त्यानंतर मी पायरीवर उतरलो की मासा वर यायचा, मला बघायचा आणि खाली जायचा. त्याचं काही चुकत नव्हतं.

"खाडीत सोडणार असशील तर ने," मी म्हणालो. तिलाही ते चाललं असतं.

उद्घाटनाला बांधावर मंडप घातला होता. फलकावर जिताड्याचं चित्र, माणसापेक्षा मोठं. टेम्पोतून टब उतरवला तोच मंडपामागून आचारी आला.

"नाना, इकडं आणा. मसाला वाटून झाला. चिंच पण भिजत घातलीय."

मी हरेशकडं बघितलं.

"वरडू नका, नाना. सोडायला पिशवीत पिल्लं आणलीत की. मोठे साहेब पेणला येऊन जिताडा न खाता जायचे काय? पुढच्या वर्षाचा निधी अडकलाय."

"आणि ती मादी? अंडी?"

"ते तुम्हाला पटावं म्हणून. काकी असती तर समजून घेतलं असतं."

"काकी असती तर तुला टबात बसवला असता."

पाणी मंडपापेक्षा जवळ होतं आणि भरती होती. मी टब फरफटत नेला आणि कलंडला. मासा क्षणभर चिखलात आडवा पडला, मग शेपटी आपटून गेला. मागं वळून बघितलं नाही. जाणारं कुणीच बघत नाही.

संस्थेच्या आसावरी मॅडम धावत आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, किती छान! पण फोटो राहिला हो. परत एकदा कराल?"

मी रिकामा टब परत कलंडला. फोटो चांगला आला म्हणतात.

मग साहेबांचं भाषण झालं. जिताडा वाचला पाहिजे, असं ते तीनदा म्हणाले. हरेशनं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या, घाम पुसत पुसत. जेवणाला साहेबांनी पातेल्याचं झाकण स्वतःच उचललं. आत वालाचं बिरडं.

"जिताडा नाही का?"

हरेश जमिनीकडं बघायला लागला.

"वाचला, साहेब," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मी पान घेऊन बसलो. सुगंधा गेल्यापासून मी कधी भात परत मागितला नव्हता. त्या दिवशी मागितला.