भुलाबाईची शाळा

शाळा तपासणारे डेप्युटी साहेब चिखलीहून बैलांच्या दमणीत बसून आले आणि रुक्मिणीबाईची शाळा आत न येताच बंद करून मोकळे झाले. शाळा म्हणजे तरी काय, उत्तमराव पाटलाच्या घराची पडवी आणि पाट्या घेऊन बसलेल्या गावच्या पोरी. शिकवणारी रुक्मिणीबाई पाटलाची धाकटी बहीण. नवऱ्याने सवत आणली तेव्हा ती पाय आपटत माहेरी निघून आली होती. बापाने लहानपणी भावाबरोबर तिलाही अक्षरे गिरवायला बसवले होते, ते आता कामी आले.

साहेब काही वाईट नव्हते. पोरी शिकाव्यात असे त्यांनाही मनापासून वाटे. पण मुलींच्या शाळेला ट्रेनिंग झालेली मास्तरीण हवी, खिडक्यांची खोली हवी, मंजुरी हवी, असा नवा नियम नागपूरहून आला होता. तशी मास्तरीण या आडगावात कोण यायला बसली आहे? येईल तेव्हा शाळा उघडा, असे साहेबांचे उत्तर. म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नका! तोवर वर्ग भरला तर मुलांच्या शाळेचीही मंजुरी जाईल, अशी तंबी त्यांनी दिली आणि जाता जाता हसून म्हणाले, "पोरींना भुलाबाई बसवू द्या, गाणी म्हणू द्या. त्याला सरकारची काही हरकत नाही."

उत्तमरावाने मान डोलावली. मुलांची शाळा त्याने खस्ता खाऊन गावात आणली होती. संध्याकाळी त्याने बहिणीला समजावले, की शाळाच नाही तर इथे राहून तू करणार काय? कोजागिरी झाली की दमणी जुंपतो, सासरी जा. रुक्मिणीबाईला रडू आले नाही, संताप आला. शाळा गेली म्हणजे पुन्हा सवतीच्या चुलीतली राख काढणे आले, आणि सख्खा भाऊ ते किती गोड आवाजात सांगत होता!

भाद्रपदाची पुनव आली. भुलाबाई ही वऱ्हाडातल्या पोरींची हक्काची पाहुणी. या पुनवेला ती माहेरी येते आणि कोजागिरीपर्यंत राहते. रोज संध्याकाळी पोरी तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखतात. ओळखल्याशिवाय घास मिळत नाही. रुक्मिणीबाईने त्याच पडवीत मातीची भुलाबाई बसवली आणि रीत जराशी वाकवली. खिरापत तोंडाने ओळखायची नाही, पाटीवर लिहायची.

खाण्यापुढे कोणाचे काय चालते? जिला सगळे ढ म्हणत ती अंबूसुद्धा करंजी लिहायला शिकली. पाटलाची लेक मंजुळा तर गाणीच लिहून काढू लागली. मागे आयाबाया बसू लागल्या. जन्मभर अंगठा उठवत आलेली तानुबाई माळीण नातीच्या पाटीत डोकावून हे अक्षर कोणते, ते कोणते, असे विचारून पोरीला भंडावून सोडू लागली.

कोजागिरी आली, गेली. भुलाबाई मात्र पडवीतून हलली नाही. दुसऱ्या दिवशी उत्तमरावाने बोलल्याप्रमाणे अंगणात दमणी जुंपली. रुक्मिणीबाई पोरींना घेऊन पडवीतच बसून राहिली. तेवढ्यात डेप्युटी साहेब येऊन उभे राहिले. कोणीतरी चुगली केली असणार, गावात अशा जिभांना तोटा नसतो.

साहेबांनी पाट्या पाहिल्या आणि हे काय चालले आहे म्हणून विचारले.

"भुलाबाई हाये, साहेब. तुमीच सांगतलं होतं," रुक्मिणीबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"कोजागिरी होऊन गेली, बाई. पाटील, हे आत्ता बंद करा. नाहीतर मुलांच्या शाळेसाठी मला काही करता येणार नाही."

रुक्मिणीबाई उठली. "यंदा भुलाबाई सासरी जाऊन नाही राह्यली. तिले तिथं सुख नाही. आन् मी बी जात नाही, दादा. बैल सोड."

अंगणात जमलेल्या बाया जागच्या हलल्या नाहीत. उत्तमरावाने बहिणीकडे पाहिले, मग पाटी छातीशी धरून बसलेल्या आपल्या मंजुळेकडे पाहिले. त्याला लाज वाटली. त्याने गड्याला हाक मारली नाही. स्वतः पुढे होऊन बैल सोडले आणि मग तो साहेबांकडे वळला.

"माहेरी आलेल्या लेकीले हाकलाची रीत आमच्यात नाही, साहेब. तुमच्या नियमात बसत नसन तर पोरायची शाळा बी घेऊन जा. आमचे पोट्टे इथंच बसतीन."

रुक्मिणीबाईने पोरींना सरकून बसायला सांगितले. आता पोरांनाही जागा करायची होती.