पावाचं बूच

"अगं, अजून पाव दे," सिंकखालून यांचा आवाज आला.

मी नवा पाव फोडला आणि कडा काढून आतला मऊ भाग यांच्या हाती दिला. तांब्याच्या पाइपात थोडं जरी पाणी राहिलं तरी सांधा तापत नाही, डाग, म्हणजे वितळलेल्या तारेचा जोड, बसत नाही. म्हणून आधी पाण्याच्या बाजूने पावाचं बूच ठासायचं, ही यांची जुनी रीत. मग पाणी सोडलं की पाव विरघळून वाहून जातो. कड मात्र नको, ती तोटीत अडकते. लग्नानंतर यांनी मला प्रेमाने शिकवलेली पहिली गोष्ट बहुतेक हीच.

यांनी गॅसची बत्ती पेटवली. सांधा घासून लख्ख केला होता, पेस्ट लावली होती, काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. फक्त हात थरथरत होते. ज्योत सांध्यावर ठरेना, तार सांध्याला टेकेना. वितळलेल्या तारेचे थेंब फरशीवर पडत राहिले.

"आत पाणी आहे अजून," हे म्हणाले. "मेन कॉक गळतोय."

"गळत असेल."

मेन कॉक मीच बंद केला होता आणि नळातून टिपूससुद्धा येत नव्हतं.

हातांचं हे दुखणं वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाहेरची कामं यांनी एकेक करून सोडली. कधी कंबर धरली म्हणाले, कधी गिऱ्हाईक वाईट निघालं. घरचाच सांधा गळायला लागला तेव्हा सबब उरली नाही. दुसरा प्लंबर बोलवू म्हटलं, तर म्हणाले, "आधी माझी तिरडी उचला, मग बोलवा."

"अहो, मी मनगट धरू का?"

एरवी अंगावर आले असते. आज नुसतेच सरकले. मी शेजारी बसून दोन्ही हातांनी यांचं मनगट घट्ट धरलं. थरथर थांबली नाही, उलट माझ्या कोपरापर्यंत चढली. मला रडू येत होतं आणि सोडवतही नव्हतं. पेस्ट जळून काळी पडली. यांनी बत्ती विझवली.

"बारक्याला बोलाव."

बारक्या यांच्याच हाताखाली शिकला. आता इतका सुटलाय की आमच्या दारातून आडवाच आत येतो.

"काय झालं, उस्ताद?"

"आत पाणी आहे रे. डाग धरत नाही."

बारक्याने सांधा सोडवला आणि तारेने बूच ओढून काढलं. पाव त्याच्या तळहातावर पडला. त्याने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"बरंच पाणी आहे की," तो म्हणाला. "हे माझ्याच्यानंसुद्धा झालं नसतं."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

यांनी हात पुढे केला. त्याच्या तळहातावरचा तुकडा चिमटीत धरायला गेले, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा सापडला.

"कोरडा आहे," हे म्हणाले. "तू कर."

बारक्याने काम केलं. सांध्याभोवती चांदीसारखं बारीक कडं उमटलं. पाणी सोडलं, थेंब गळला नाही.

"उस्ताद, एकदा बघता का?"

"इथून दिसतंय."

हे स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी दोघांपुढे चहा ठेवला.

"निवू दे जरा," हे म्हणाले. हात बाहेर काढले नाहीत.

मग बारक्यानेही आपला कप उचलला नाही.