नुसतं ‘हं’ म्हणाला

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी माझी पुतणी जिममध्ये वजन उचलायला जायला लागली. बेंचवर उताणं पडून दांडा छातीपासून वर ढकलायचा आणि डोक्याशी एकाने उभं राहायचं, असा तो प्रकार. खालच्याचे हात थकले की उभा असलेला माणूस दांडा दोन्ही हातांनी धरतो आणि मोठ्याने ‘घेतलं’ म्हणतो. तो शब्द ऐकल्याशिवाय खालच्याने सोडायचं नाही. नव्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

अपघात झाला त्या दिवशी तिच्या डोक्याशी खुद्द जिमचा मास्तर उभा होता. दवाखान्यात ती मला म्हणाली, "काका, मी विचारलं, घेतलंत का? ते ‘हं’ म्हणाले. म्हणून सोडलं." दांडा छातीवर आदळला होता. ती वाचली नाही.

मास्तरने माझ्या धाकट्या भावाला सांगितलं, "पोरगी हट्टी हो तुमची. मी नको म्हणत होतो, माझी पाठ वळली आणि एकटीच उचलायला गेली." भावाला ते खरं वाटलं, माझं सांगणं पटेना. मेलेल्या लेकीवर तो रागावून बसला, तिचं नाव काढू देईना. तेव्हा माझं डोकं फिरलं.

मी जन्मभर पोती वाहिलेला माणूस. मास्तरने मला कधी पाहिलं नव्हतं. गेलो आणि त्याच जिममध्ये नाव घातलं.

"काय आजोबा, या वयात दंड कुणाला दाखवायचेत?"

"कुणाला नाही रे. खांदेकऱ्यांना जड जाऊ नये म्हणून थोडं उतरवतोय."

तो खो खो हसला. पुढे माझ्या हातातली ताकद बघून तो स्वतः उचलताना मलाच डोक्याशी उभं करायला लागला. दर वेळी मी खणखणीत ‘घेतलं’ म्हणायचो. त्याचा विश्वास बसायला हवा होता.

एका संध्याकाळी भावाला म्हटलं, मला न्यायला ये, दाराशी थांब. आत नव्या पोरापोरींचा घोळका होता. त्यांच्यासमोर फुशारकी मारायला मास्तरने वजन वाढवलं. थोड्याच वेळात त्याची कोपरं थरथरायला लागली.

"घेतलं का, आजोबा?"

"हं," मी म्हणालो.

त्याने सोडलं. दांडा छातीवर टेकला तसा मी धरला, पण उचलला नाही. बरगड्यांना कळेल एवढा भार त्याच्यावर राहू दिला.

"वर घ्या! अहो, वर घ्या ना!"

"माझ्या पुतणीने विचारलं तेव्हा काय म्हणाला होतास?"

"कोण पुतणी?"

मी हात जरा सैल केले. लगेच आठवलं त्याला.

"हं! ‘हं’ म्हणालो होतो! फोन होता माझ्या हातात!"

"मोठ्याने बोल. दाराशी तिचा बाप उभा आहे."

तो ओरडून बोलला. सगळ्यांनी ऐकलं. मग मी ‘घेतलं’ म्हणालो आणि दांडा जागेवर ठेवला. एक मुलगी बॅग उचलून निघाली. तिच्यामागे बाकीचेही निघाले. पुढे त्या जिमला कुलूप लागलं.

घराजवळ आल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, उचललास कशाला?"

मलाही अजून तेच वाटतं.

पुतणी वारली नऊ मार्चला, सोमवारी. एकोणीस वर्षांची होती. मास्तर जिवंत आहे.