आबांच्या पाठीमागचा लोड

मी लोड बोलतोय. बैठकीवर टेकायला ठेवतात, तो. उशीशी माझी बरोबरी करू नका. उशी डोक्याखाली जाते. मी पाठीमागं असतो.

जन्म इंदापूरचा. तिथल्या पिंजारी बादशाहभाईंनी कापूस पिंजला आणि काठीनं ठासून माझ्यात भरला. "माणूस वाकंल, ह्यो न्हाय वाकायचा," असं म्हणून त्यांनी माझं तोंड शिवलं.

मला बावड्याला आणलं ज्ञानूआबांनी. आबा शाळेत थोडंच गेलेले, पण शब्दाला वजन. बांधाचं, पाण्याच्या पाळीचं भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्या ओसरीवर. आबा मला टेकून ताठ बसायचे. निवाडा त्यांचा, टेकण माझं.

मग आबा ट्रॉलीवरून पडले. मणका गेला. कमरेखालचं अंग राहिलं, त्यातली जाण गेली. चिमटा काढला तरी कळेना.

बारामतीच्या दवाखान्यातून घरी सोडताना मेघना सिस्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादीही घ्यायला लावली होती. पण माणसं भेटायला येऊ लागली, आणि झोपून कुणाला भेटायचं नाही हा आबांचा कायदा. "मला लोडाला बसवा." सकाळी बसले की दिवेलागणीपर्यंत. हळूहळू खाली घसरायचे. मग त्यांची मंडळी सारजाबाई आणि सून प्रियदर्शनी काखेत हात घालून त्यांना वर ओढायच्या. अंग वर सरकायचं, कातडी चादरीला धरून राहायची. आबांना पत्ता नाही. मला कळत होतं, पण लोडाला विचारतो कोण?

एक दिवस अंग पुसताना प्रियदर्शनीला माकडहाडावर लाल डाग दिसला. बोटानं दाबला तरी पांढरा होईना. तिनं मेघना सिस्टरांना बोलावून घेतलं.

सिस्टर आल्या तेव्हा शेजारचा म्हस्कू तिथंच होता. त्याचा आणि त्याच्या भावाचा बांधावरून तंटा. हद्दीचा जुना दगड कुठं गाडलाय, ते एकट्या आबांना ठाऊक. "चाकाच्या खुर्चीत बसून बांधावर येतो आन् दगड दावतो," असा आबांनी शब्द दिला होता.

म्हस्कू म्हणाला, "सिस्टर, ट्रॅक्टरची ट्यूब आणू का? मधी भोक हाय. आबांना त्यात बसवू."

"ट्यूब टायरात घाला, म्हस्कूभाऊ. दिवसभर बसून तिथलं रक्त अडलंय, ट्यूबच्या कडेनं ते आणखी अडेल. आणि डागाला तेल चोळू नका." मग त्या आबांकडे वळल्या. "आबा, कातडी अजून फाटली नाही. फाटली तर जखम हाडापर्यंत जाईल. मग बांध राहू द्या, खुर्चीही विसरा. डाग जाईपर्यंत बसायचं नाही. कुशीवर राहायचं."

"लोळत भेटू लोकांस्नी? मी काय डबक्यातली म्हस हाय?"

सारजाबाई तडकल्या. "म्हस बरी, अवो! ती आपली आपण कूस तरी बदलती."

आबा म्हणाले, "वळवा."

सिस्टरांनी आबांना थोडं तिरकं वळवून मला पाठीशी लावून पाहिलं. मी दगडासारखा. "हा टोचेल. दुसरी जागा लाल होईल."

सारजाबाईंनी कात्री आणली. बादशाहभाईंची शिवण उसवली आणि निम्मा कापूस काढला. वाटलं, संपलो. पण पुन्हा शिवून मला पाठीमागं लावलं, तेव्हा आबांच्या अंगाचा बाक माझ्यात बरोबर बसला. काढलेल्या कापसाच्या दोन उश्या झाल्या. एक गुडघ्यांच्या मधे, दुसरी पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा कशालाच टेकत नाहीत. माझीच लेकरं ती.

ओढणं बंद झालं. अंगाखालच्या दुहेरी चादरीनं दोघी त्यांना उचलू लागल्या. डेअरीचा भोंगा, अजान, शाळेची घंटा झाली की वळवायचं. मधल्या वेळेला प्रियदर्शनीचा मोबाइल वाजायचा.

माणसं यायची थांबली नाहीत. आबांचं तोंड ज्या बाजूला, त्या बाजूला येऊन बसू लागली. कूस बदलली की सगळी उठून पलीकडे. आबा मिशीत हसले. "बघितलं का? मी वळलो की सभा वळती."

डाग फिका झाला, मग गेला. प्रियदर्शनीनं मोबाइलवर फोटो दाखवला.

"कुणाची पाठ ही?"

"तुमचीच, आबा."

"झ्याक हाय की."

सिस्टरांनी खुर्चीत जाड गादी घालून थोडा वेळ बसायची परवानगी दिली. आबा बांधावर गेले. मी घरी. तिथलं म्हस्कूनं येऊन सांगितलं. खालचं रक्त अडू नये म्हणून आबा घडोघडी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलायचे. म्हस्कूचा भाऊ म्हणाला, "आबा, निघालात का काय?"

"न्हाय. बूड उचलतोय. तुमी खणा."

आबांनी दाखवलं तिथंच दगड निघाला.

घरी आल्या आल्या प्रियदर्शनीनं पाठ तपासली. कुठं लाली नाही. आबा म्हणाले, "लावा माझा लोड."

माझा! भरल्या अंगाचा होतो तेव्हासुद्धा मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

आज मी निम्मा आहे आणि वाकतो. बादशाहभाईंनी पाहिलं तर कपाळाला हात लावतील. त्यांना आबांची पाठ दाखवा. तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर मानापायी त्याला दिवसभर बसवून ठेवू नका. वेळेवर वळवा. टाचा अधांतरी ठेवा. पाठ रोज उजेडात बघा. लोड कडक असेल तर खुशाल कात्री लावा. त्याचा मान जात नाही, हे मी सांगतो.

डेअरीचा भोंगा झाला. सारजाबाई आल्या. आम्हाला वळायचंय.