चाकं बदलायचं स्टेशन

सरहद्दीवरच्या या स्टेशनात गाडी दोन तास थांबते, ती काही चहापाण्यासाठी नाही. आपले रूळ अरुंद, शेजाऱ्यांचे रुंद. पूर्वी दोन्हीकडे एकच माप होतं. मग आपण सैन्याच्या गाड्या भरभरून त्यांच्या देशात घुसलो. 'पंधरा दिवसांत परत येतो' म्हणणारे साहेब चार वर्षांनी मार खाऊन परतले आणि शेजाऱ्यांनी देशभरचे रूळ उखडून पलीकडच्या बड्या दोस्ताच्या मापाचे टाकले. आपली गाडी पुन्हा कधी सरळ आत शिरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हापासून सत्तावीस वर्षं प्रत्येक डबा उचला, चाकं काढा, रुंद चाकं बसवा. हौस साहेबांची आणि निस्तरतोय कोण, तर फोरमन आणि त्याची बारा माणसं.

आज तिसऱ्या डब्यात फोरमनची लेक बसली होती. एकोणीस वर्षांची, ओठ निळसर, दोन पायऱ्या चढली तरी धाप. हृदयाचा वॉल्व्ह बदलायचा होता. आपल्या हॉस्पिटलातली यंत्रं सुट्या भागांवाचून धूळ खात पडलेली. ते भाग आपल्याला विकायचे नाहीत असं अर्ध्या जगाने, आपण घुसलो तेव्हाच, ठरवलंय. शेजाऱ्यांकडे उद्या सकाळी नऊला ऑपरेशन होतं. आई नव्हती, म्हणून सोबतीला बापाचं नाव. पेशंटांना महिन्यातून एकदाच पलीकडे सोडत आणि चारला फाटक बंद होई. डॉक्टरांनी तिला महिन्याचीही मुदत दिली नव्हती.

"बाबा, हात धुवा आणि वर या आता!" ती खिडकीतून म्हणाली. डबा चार जॅकवर अधांतरी होता.

"तुझ्या डब्याची चाकं दुसऱ्याच्या हाती देईन होय मी?"

साडेतीनला पलीकडची तपासनीस बाई आली. चाळिशीची असेल. आपली भाषा सफाईने बोलायची. त्या चार वर्षांत तिच्या शाळेत ती सक्तीची होती.

"सोबत जाणाऱ्याला एकच प्रश्न. त्या चार वर्षांत आमच्या हद्दीत आला होतात?"

'नाही' हे उत्तर फोरमनने महिनाभर घोकलं होतं. लेकीलाही जन्मभर तेच सांगितलं होतं, की मी मालगाडीवर होतो, लढाई लांबूनसुद्धा पाहिली नाही.

"नीट आठवून सांगा. तुमच्या सैन्याच्या जुन्या याद्या आमच्या हाती लागल्यात. तपासायला दोन-तीन दिवस जातात. खोटं निघालं तर पेशंटलाही परत पाठवतात, खाटेवरून उचलून."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर फक्त तुमचं नाव कटेल."

तीन चाळीस झाले होते. वर लेक खिडकीवर कोपरं टेकून ऐकत होती. उद्या नऊ वाजता तिचा हात हातात असावा, बाकी त्याला काही नको होतं.

"आलो होतो," तो म्हणाला. "सैन्याच्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर होतो. सहाशे सैनिक मीच आत नेले."

बाईने वर पाहिलं नाही. नावावर आडवी रेघ मारली.

"बाबा? तुम्ही तर म्हणायचात..."

"खोटं बोललो, बाळा. तुझ्या मनातून उतरायचं नव्हतं."

बाईने लेकीला विचारलं, "ऑपरेशनच्या कागदावर जवळच्या माणसाची सही लागते. कोण करणार?"

"माझी मी करीन."

बारा माणसं माना खाली घालून उभी होती. त्याने शिटी वाजवली. जॅक उतरले, डबा रुंद चाकांवर बसला. प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः आवळला, दोनदा. एकही बोल्ट सैल राहिला नाही.

चारला दोन मिनिटं कमी असताना डबा हलला. तेव्हा कुठे लेक बापाशी बोलली.

"सहाशे नेलेत. परत किती आणलेत?"

तो डब्याबरोबर चालत राहिला.

"चार वर्षांनी गाडी रिकामीच परत आणली होती," तो म्हणाला.

फाटकाशी शिपायाने त्याला हात आडवा घातला.