मुकी पेटी

"जरा गप बसा माधुरीताई, मला ऐकू द्या," म्हणत गहिनीनाथाने त्या जुन्या लॅपटॉपला कान लावला.

तिसगावात वीस वर्षं त्याने रेडिओ नि टेप दुरुस्त केले. वहीसारखी मिटणारी ही पेटी मात्र पहिल्यांदाच उघडत होता. नगरच्या कॉलेजातल्या माधुरीताईंनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या हिच्यात उतरवल्या होत्या. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. गहिनीनाथाच्या आईच्या, मनकर्णाच्या ओव्याही हिच्यातच होत्या. ती जाऊन चार वर्षं झाली. ती दळायची तेव्हा हा साखरझोपेत असायचा.

"पंखा फिरतोय, पन आतली ओव्या साठवलेली तबकडी चिकटलीय. जातं अडतं तशी."

"मग आता हो?"

"जात्याला काय करत्यात? खुंटा धरून हिसका!"

त्याने पेटी सपाट धरून मनगटं गर्रकन फिरवली. बटण दाबलं. आत घरघर सुरू झाली, पहाटेच्या दळणासारखी बारीक, अखंड. पडद्यावर अक्षरं उगवली. गहिनीनाथाने नकळत पायातल्या चपला काढल्या.

माधुरीताईंनी आधी मनकर्णाचंच पान उघडलं.

मुक्या गं पेटीला, वाचा देतो बाळ माझा

पुढचं त्याला वाचवेना. जन्मभर 'तारांत तोंड खुपसून बसतो मेला' म्हणणारी आई!

"फ्लॉपीचा कप्पा मोडलाय, नक्कल काढता येणार नाही. हातानंच उतरवू. आधी हेच घ्या, गहिनीनाथभाऊ."

"न्हाई. दोनला लाइट जाती, हिची बॅटरी मेलेली. परत हिसका लागू पडंल का, देव जाणे. त्या बाकीच्या बायांचं हितं कोन हाय? आधी त्यांचं."

माधुरीताई वाचत गेल्या, तो शंभरपानी वहीत लिहीत गेला. ओव्यांतून मिरजगावच्या झुंबरबाईचा फौजेतला भाऊ आला, बनुबाईची सासरी गेलेली लेक आली. कधी न पाहिलेली माणसं त्या टीचभर दुकानात दाटीवाटीने उभी राहिली.

"लई माया हो, ताई! एवढी कुठं मावली हुती?"

सत्तावीस बाया झाल्या. मनकर्णाचं पान उघडायला माधुरीताईंनी बोट उचललं, आणि लाइट गेली. घरघर थांबली.

सहाला लाइट आली. गहिनीनाथाने तीनदा हिसका दिला. तबकडी हलली नाही.

"तुमच्या आईचंच राहिलं," माधुरीताई म्हणाल्या.

त्याने वही त्यांच्यापुढे सरकवली. "लिहा. मनकर्णा, तिसगाव."

आणि कधी न गाणाऱ्या त्या माणसाने चिरक्या आवाजात ती एक ओळ म्हटली. मग, बाया जात्यावर म्हणतात तशी, पुन्हा एकदा.